लाल कोणी ठरवलं?

६ ऑगस्ट, बुधवार

ॲपचा निकाल लागला. चौथीतली पायल लाल.

पायल! किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी पोरगी. कोणी साहेब आले की मी मुद्दाम जिला पुढे बसवते ती. लाल म्हणजे 'वाचता येत नाही'. पिवळा म्हणजे अडखळत. हिरवा म्हणजे छान. फोनसमोर पोरांनी उतारा वाचायचा, मशीन ऐकते आणि रंग देते. यंदापासून आम्ही दिलेले गुण धरत नाहीत, हाच रंग धरतात.

गजानन सरांना दाखवलं (शाळेत आम्ही दोघंच). म्हणाले, "काहीतरी बिघडलं असन मॅडम. पुन्हा लावू."

पुन्हा लावता येत नाही. पुढच्या फेरीपर्यंत तोच रंग.

अख्ख्या शाळेत हिरवा एकच, ओम. पुण्याहून जूनमध्ये आलेला. गावातली बहुतेक पोरं पिवळी, बंजारा तांड्यावरची जवळपास सगळी लाल. हे पाहून माझ्या डोक्यात जे आलं ते आत्ता लिहीत नाही. आधी खात्री करते.

७ ऑगस्ट, गुरुवार

शाळा सुटल्यावर सरावाच्या भागात आम्हीच वाचून पाहिलं. मी रेडिओवरच्या बाईसारखं वाचलं, हिरवा. ग. सरांनी त्यांच्या रोजच्या बोलीत वाचलं, पिवळा.

"घ्या! माह्यं डी.एड. पिवळं निघालं."

हसलो दोघंही. मग सरांनी फोन पालथा ठेवला. अठरा वर्षं शिकवताहेत.

'कोण'ला 'कोन', 'आणि'ला 'आनि'. मला वाटतं तिथंच अडकतंय. वाटतं एवढंच, कारण मशीन रंग दाखवते. कुठला शब्द चुकला ते दाखवत नाही. पोरांच्या वहीत मी नुसतीच फुली मारली तर आयाबाया भांडायला येतील. इथं भांडायचं कोणाशी?

११ ऑगस्ट, सोमवार

केंद्रप्रमुखांना फोन केला. "तुमच्याच शाळेचं असं काहून?" म्हणतात. म्हटलं, बाकीच्या शाळांचं तुम्ही पाहिलं का? "मॅडम, पाह्यचं काम माह्यं नाई. माहिती वर पोचवाचं काम हाय."

दुपारी तांड्यावरून देवीदास आला, पायलचा बाप. उंबऱ्यातच उभा, चप्पल काढून. फोन पुढे केला. मेसेज आलेला: आपल्या पाल्यास इयत्तेनुसार वाचन येत नाही. सगळ्या लाल पोरांच्या घरी हाच गेलाय. आम्हाला कोणी विचारलं नाही, सांगितलंही नाही.

त्याला स्वतःला वाचता येत नाही. पिठाच्या गिरणीवर कोणाकडून तरी वाचून घेतला. "सगळ्याईसमोर वाचला त्यानं. दळन घ्याले आलेल्या बाया बी आयकून राह्यल्या होत्या."

दिवाळीनंतर तो आणि बायको सविता ऊसतोडीला जाणार. पायलला आजीजवळ ठेवायचं, शाळा बुडवायची नाही, हे मागच्या वर्षीच कबूल करून घेतलं होतं मी. आज म्हणाला, "आता कायले ठेवू? येतच नाई तर."

मी पायलला बोलावलं. पाचवीचं पुस्तक दिलं, मधलं कुठलंही पान. घडाघडा वाचलं तिनं. बापानं ऐकलं. मान हलवली. मग मला म्हणतो,

"तुमी शिकवलं मॅडम, तुमी चांगलंच म्हनसान. मशीन कायले खोटं बोलन? तिले काय आपलं-परकं?"

रात्रीपर्यंत डोक्यात तेच.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन. मग ग्रामसभा. ग. सर म्हणाले, विषय मांडा. मांडला.

आधी नालीवर खूप वेळ गेला. नालीचं झाल्यावर अर्धे लोक उठले. सरपंच म्हणाले, "मॅडम, हे आपल्या हातातलं हाय का? वरून आलेलं हाय थे."

सविता तांड्यावरच्या बायांबरोबर मागं बसली होती. उठली. पदर सावरला आणि एकदम मोठ्यानं बोलली. "माह्या पोरीले नापास केलं त कोनं केलं, तोंड दाखवा त्याचं. मास्तर असता त मी घरी जाऊन इचारलं असतं."

लोक हसले. ती नाही हसली. "हसाले काय झालं? उद्या तुमच्या पोराईचं बी व्हनार हाय."

मग कोणी हसलं नाही. ठराव झाला: मशीननं लावलेल्या निकालाचं कारण पालकाला कळलं पाहिजे, आणि पालकानं म्हटलं तर पोराचं वाचन माणसानं पुन्हा ऐकलं पाहिजे. ग्रामसेवकानं विचारलं, 'मशीन' लिहू की 'यंत्रणा'? म्हटलं, मशीनच लिहा.

घरी येताना बरं वाटत होतं. उगाच लपवून काय करू.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ग. सरांनी शिक्षकांच्या ग्रुपवरचं एक दाखवलं. सरकारी कामात कृत्रिम बुद्धिमत्ता कशी वापरावी, याचा धोरण-मसुदा निघालाय. लोकांकडून सूचना मागवल्यात.

घरी येताना बसमध्ये वाचला सगळा. न्याय्य, पारदर्शक, उत्तरदायी. पानोपानी हेच तीन शब्द. चुकीचा निकाल लागला तर कोणाकडे जायचं, हे शोधत शोधत मेडशीहून वाशीम आलं. सापडलं नाही. शेवटच्या पानावर एक चित्र आहे, हातात टॅब घेतलेली हसरी मुलगी.

घरी बसून सूचना लिहिली. लिहिलं की पारदर्शक म्हणजे कोणाला दिसणारं, ते आधी ठरवा. माझ्या शाळेतल्या पोराच्या आईला दिसलं तर पारदर्शक. मशीन वापरण्याआधी ती आमच्या पोरांच्या आवाजावर तपासली का, ते जाहीर करा. वऱ्हाडी बोलणाऱ्या, तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या पोरांच्या. रंग लावला तर चूक दाखवा. आणि घरी मेसेज पाठवायच्या आधी निदान बाईला विचारा.

जावेदनं (नवरा, गाद्यांचं दुकान) दुकानातून आल्या आल्या वाचलं. "अच्छा लिखी. पढेगा कौन?"

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पोळा. शाळा बंद. सूचनेची पोच नाही.

२ सप्टेंबर, मंगळवार

वाशीमला मीटिंग. शिक्षण खात्याचे साहेब, चार-पाच शाळांचे लोक, आणि ॲप बनवणाऱ्या कंपनीचा एक माणूस. इस्त्रीचा शर्ट, बोलणं गोड. पडद्यावर आलेख, सगळे वर जाणारे.

मी विचारलं, मशीन शिकताना आमच्याकडची किती पोरं ऐकली तिनं?

"मॅम, आमचं मॉडेल प्रमाण मराठीवर अतिशय अचूक आहे."

"आमची पोरं प्रमाण मराठी घरी बोलत नाहीत."

"तोच तर फायदा आहे ना मॅम. हळूहळू तशी बोलायला लागतील."

म्हणजे तपासायला वाचन घेतलं आणि मोजली बोली. ग. सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते एरवी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाहीत. आज बोलले. "साहेब, पोट्टं 'पानी' म्हनून पितेच ना? का 'पाणी' म्हटल्याशिवाय तहान जात नाई?" साहेबांना हसू आलं, पण ते खोकल्यात घालवलं.

चुकलेले शब्द दाखवा म्हटलं. नाही, व्यावसायिक गुपित. पायलचं रेकॉर्डिंग तरी ऐकवा. नाही, मुलीची खासगी माहिती. तिच्या आईबापालासुद्धा नाही? "तशी तरतूद नाही मॅम."

मग मी साहेबांना म्हटलं, सर, तुम्हीही इकडचेच, अनसिंगचे. एक उतारा वाचता का मशीनसमोर? साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "मॅडम, मुद्द्याचं बोलू."

हाच तर मुद्दा होता.

चहा छान होता. हेही लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल सगळंच वाईट.

१६ सप्टेंबर, मंगळवार

सूचनेला उत्तर आलं. "प्रिय महोदय, आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल आभार." सही नाही, नाव नाही. खाली बारीक अक्षरात: हा संदेश स्वयंचलित आहे.

जावेद इतका हसला की ठसका लागला. मी नाही हसले. मग जेवताना हसले.

२९ सप्टेंबर, सोमवार

केनवडच्या एका मॅडमचा फोन. त्यांच्याकडेही तसंच. "पन आमी गप बसलो. तुमी बोलल्या म्हंते. तुमचं काही वाकडं त नाई ना झालं?" नाही म्हटलं. अजून तरी. मसुद्याच्या समितीला सह्यांचा अर्ज द्यायचाय, असं सांगितलं. त्या म्हणाल्या, सही करीन, पण पहिली नाही करणार. दुसरी करीन.

ठीक. दुसरी तर दुसरी. तीन शाळांच्या सह्या झाल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

मसुद्यावर सूचना देणाऱ्यांची ऑनलाइन सुनावणी. शाळेत रेंज गेली. तांड्यावरच्या देवळाच्या ओट्यावर येते, म्हणून तिकडे पळाले. बायांनी सतरंजी टाकली, पाणी दिलं. फोन खांबाला टेकवून बसले. माझा नंबर यायला दुपार झाली. तोवर बाकीचे काय बोलले ते ऐकलं. सगळ्यांना आपापल्या कंपनीचं कौतुक.

माझी वेळ आली तेव्हा माझाच आवाज बंद. चालू करेपर्यंत निम्मा वेळ गेला. घाईघाईत पायलचं सांगितलं. बोली, ण आणि न, मेसेज, गिरणी. मधेच कोणीतरी म्हणालं, "मॅडम, वैयक्तिक प्रकरणं नकोत, धोरणाबद्दल बोला." अहो, धोरण वैयक्तिक माणसांवरच येऊन आदळतं ना शेवटी? हे बोलायचं सुचलं, तेव्हा पुढच्या माणसाचं सुरू झालं होतं.

पण समितीत एक वयस्क बाई होत्या, निवृत्त न्यायाधीश. त्यांनी थांबवलं. विचारलं, "मुलीचा आवाज आहे का तुमच्याकडे?"

"नाही. कंपनीकडे आहे."

"म्हणजे निकाल एकाकडे, पुरावाही त्याच्याकडेच." आणि काहीतरी लिहून घेतलं.

ओट्यावरच्या बायांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, एकीनं ऐकलं.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्यापासून दिवाळीची सुट्टी. शाळा सुटल्यावर तांड्यावर गेले. सविता कुटाराच्या (भुशाच्या) ढिगाजवळ सोयाबीनची पोती शिवत होती. ती मान वर करेना. तेव्हाच समजलं, पायलला नेणार.

देवीदास म्हणाला, "ठरलं आता मॅडम. माय बी थकली, तिच्या जिवावर पोरगी कशी टाकू? शिकन अशी असती त गोष्ट येगळी."

"शिकन अशीच आहे रे ती."

"तुमी म्हनता."

म्हातारी बाजेवर बसली होती. म्हणाली, "राहू दे ना तिले. माह्ये पाय दाबते, पेपर वाचून दाखवते." देवीदासनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पायल मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. विचारते, "मॅडम, लाल म्हंजे नापास का?"

"नाही."

"मंग मी चुकली कुठं? थे सांगा ना. मी सुधारते."

मला सांगता आलं नाही. बाई आहे मी तिची आणि मला माहीत नाही. या साऱ्या प्रकारात सगळ्यात जास्त राग मला याचाच आला. आणि तो राग नेऊन ठेवायचा कुठं, तेही कळेना. काळीपिवळी जीप आली, बसले.

३ नोव्हेंबर, सोमवार

शाळा उघडली. तांड्यावरच्या पोरांच्या दोन बाकांवर कोणी नाही. ऊसतोडीचा ट्रक आधीच गेला.

हजेरी घेताना पायलचं नाव घेतलं. सवयीनं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

परिपत्रक आलं! दोनदा वाचलं, मग ग. सरांनी मोठ्यानं वाचलं.

घरी जाणारे मेसेज बंद, पुढील आदेशापर्यंत. पालकानं मागितल्यास मुलाचं रेकॉर्डिंग ऐकायला मिळेल. बोलीभाषेबाबत 'यथावकाश अभ्यास करण्यात येईल'. लागलेले रंग बदलणार नाहीत. शिक्षकांनी पुन्हा ऐकण्याबाबत एक अक्षर नाही.

ग. सर: "चतकोर मिळाली मॅडम, भाकर नाई."

चतकोर तर चतकोर. पण हे दोन महिने आधी आलं असतं तर.

आणि मेसेज बंद म्हणजे नव्यानं जाणार नाहीत. जे गेले ते गेले. 'आधीचा मेसेज तपासलेला नव्हता' असं पालकांना कळवा, असं कोणाला सुचलं नाही. चूक पाठवायला यंत्रणा आहे, माफी पाठवायला नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रेकॉर्डिंग मागायची पद्धत: पालकाच्या मोबाईलवर ओटीपी येणार, तो लगेच भरायचा. पालक तिकडे उसाच्या फडात. फोन बंद. संध्याकाळी लागला तर रेंज तुटक. देवीदास म्हणाला, "आला आला, नंबर आला," आणि आकडे सांगता सांगता फोन कट. परत लागेपर्यंत मुदत संपली. पुन्हा मागितला, तेव्हा त्याच्या फोनची बॅटरी गेली.

ज्यानं ही पद्धत काढली त्याला एकदा फडात नेऊन उभं करावं. हातात फोन देऊन.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज जमलं. देवीदासनं फोन पायलकडे दिला, तिनं आकडे सांगितले, एकेक, स्वच्छ. "मॅडम, आमी इथं पाचटाच्या खोपीत राह्यतो. शाळा हाय म्हंते, पन लांब हाय." पुढे बोलणार होती. मागून कोणी हाक मारली. तिच्याकडे आता धाकटा भाऊ सांभाळायचं काम आहे.

कंपनीकडून: विनंती स्वीकारली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

रेकॉर्डिंग आलं. मधल्या सुट्टीत ऑफिसचं दार लावून आम्ही दोघांनी ऐकलं.

पायलचा आवाज. खणखणीत. उतारा एका गावाच्या विहिरीचा. वाचते आहे, छान वाचते आहे. 'आनि' म्हणते, 'पानी' म्हणते, पण कुठंही अडत नाही. मग ओळ येते: गावातले सगळे लोक आनंदाने त्या विहिरीवर पाणी भरत.

इथं थांबली.

"सर, सगळे म्हंजे तांड्यावरचे बी का?"

मग शांतता. लांबच लांब. पंख्याचा आवाज. तिची चाचणी ग. सरांनी घेतली होती. चाचणी चालू असताना शिक्षकानं बोलायचं नाही असा नियम आहे, म्हणून ते बोलले नव्हते. त्यांना ते आठवलं. डोळे मिटून बसले. "मी बोटानं खूण केली तिले, पुढं वाच म्हनून. मले वाटलं नंतर सांगीन. नंतर राहूनच गेलं."

शांततेनंतर ती पुढे वाचते. पण हळू, लक्ष नाही. वेळ संपल्याची घंटी वाजते.

सोबत कंपनीची ओळ: वाचनात खंड, मजकुराबाहेरील शब्द, उतारा अपूर्ण.

म्हणजे ण-न होतं, पण तेवढंच नव्हतं. तीन महिने मी जिथं तिथं बोलीचंच सांगत होते. मीटिंगमध्ये, सुनावणीत, सह्यांच्या अर्जात. ते खरं आहे, ग. सरांचा पिवळा खोटा नाही. पण पायलचा लाल वेगळाच. तिनं वाचलेलं तिला कळलं, म्हणून ती थांबली. कळलं म्हणून विचारलं. त्याचा रंग लाल.

पहिल्याच दिवशी हे ऐकवलं असतं तर ऑगस्टमध्येच देवीदासला बसवून दाखवलं असतं. आता मला सगळ्यात जास्त चीड याची. गुपित काय होतं यात? एका पोरीचा प्रश्न.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

समितीला नवं पत्र लिहायला घेतलं. आधीचं अपुरं होतं असं स्पष्ट लिहिलं. ग. सर म्हणाले, असं लिहू नका, ते म्हनतीन मॅडमलेच माहीत नाई. म्हटलं, नव्हतंच माहीत. माहीत होऊ दिलं नाही, हेच तर सांगायचंय.

केनवडच्या मॅडमनी या वेळी पहिली सही केली.

साहेबांना फोन केला, रंग बदला म्हणून. "तरतूद नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, तुम्ही पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं मी. माझ्या हातात असतं तर…" वाक्य तिथंच सोडलं. कोणाच्या हातात आहे मग? प्रत्येक जण वरच्याकडे बोट दाखवतो आणि सगळ्यात वर फोन आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी देवीदासचा फोन लागला. आज रविवार असला तरी तिकडे तोडणी चालूच. म्हटलं, दोन मिनिटं दे, ऐक. जावेदच्या फोनवर रेकॉर्डिंग लावलं आणि माझा फोन त्याला टेकवून धरला.

पूर्ण ऐकलं त्यानं. पायलचा प्रश्न आला, शांतता आली, संपलं. मला वाटलं, कट झाला.

मग म्हणाला, "अजून एकडाव लावा."

लावलं. या वेळी मागून सविताचा आवाज आला, कोण बोलतंय विचारत होती. तो तिला म्हणाला, "पायली हाय. वाचून राह्यली."

त्याला सांगितलं, बघ, चुकली नाही ती. थांबून विचारलं म्हणून मशीननं कमी दिलं. परत सांगितलं. तो ऐकत होता का कोण जाणे. शेवटी म्हणाला,

"मॅडम, मंग सरानं काय सांगतलं तिले? तांड्यावरचे बी का?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मुकादमाची हाक आली, मला इथपर्यंत ऐकू आली. "ठेवतो मॅडम," म्हणाला. पायलला परत पाठवशील का, हे विचारायचं तसंच राहिलं.

दुपारी दोनदा लावला. बंद.

पुढची फेरी डिसेंबरात. उतारे कुठले येतील ते अजून कळवलेलं नाही.